धाव आणि थांब
(नाशिक येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, शिष्यवृत्त्या वाटून झाल्या, आणि भोजनास अद्याप पाऊण तास अवकाश आहे. अशा वेळी मोटारीचे टायर व ब्रेक यांवर व्याख्यान ऐकावे लागणे हा श्रोत्यांवर थोडासा अन्यायच होय. समोरच्या रांगेतील एका वडीलधाऱ्या भगिनींनी आताच आम्हांस विचारले, "शर्यतीच्या गाड्यांचे आम्हांला काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, आपल्या समाजातील काही तरुण वर्षातून एकदा-दोनदा स्वतःची मोटार घेऊन शर्यतीच्या मार्गावर, म्हणजे ट्रॅकवर जाऊ लागले आहेत, आणि ज्या गाडीने ते तेथे जातात त्याच गाडीत बसून या भगिनी पुढच्या आठवड्यात कसारा घाट उतरून मुंबईस जाणार आहेत. विषय त्यांचाही आहे तो एवढ्याकरिता.

तरुणांनी या नादास लागू नये असे सांगण्यासाठी आम्ही उभे नाही. वेगाची हौस मध्यरात्रीनंतर शहराच्या मोकळ्या रस्त्यांवर भागविण्यापेक्षा ती कुंपण घातलेल्या, समोरून कोणी न येणाऱ्या मार्गावर भागविलेली शतपट बरी. नाशिकला या खेळाचे वारे नवीन नाही; या शतकाच्या दुसऱ्या दशकात राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धेतील 'रॅली ऑफ महाराष्ट्र' आपल्याच परिसरातील मातीच्या रस्त्यांवर झालेली अनेकांनी पाहिली आहे. तथापि रॅली निराळी आणि डांबरी ट्रॅक निराळा. आपल्या तरुणांना खुणावणारे मोठे ट्रॅक आहेत ते तीन: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील, १९९० मध्ये सुरू झालेला, कोइमतूरजवळचा, दिवंगत करिवर्धन यांच्या नावाचा कारी स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किट, जेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. तिन्ही ठिकाणे नाशिकपासून हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. व्यावसायिक शर्यतपटूची गाडी तेथे ट्रकवर चढून जाते आणि ट्रकवरच परत येते. आपल्या हौशी तरुणाची गाडी स्वतःच्या चार चाकांवर जाते, दिवसभर ट्रॅकवर धावते, आणि त्याच चाकांवर, त्याच ब्रेकांवर घरी परतते. टायर व पॅड यांची निवड करताना ही एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवली, तर पुष्कळसे वाद आपोआप मिटतात.

परंतु आमच्या पाहण्यात असे येते की, तरुण मनुष्य पहिल्याने टायर पाहतो. टायर दिसतात, मित्रांना दाखविता येतात, त्यांच्या रुंदीवर चर्चा करता येते. ब्रेकचे पॅड चाकाआड दडलेले असतात. त्यांचे कौतुक कोण करणार? आणि ब्रेक ऑईल तर डबीतले तेल. ते बदलले हे सांगूनही कोणास खरे वाटावयाचे नाही. म्हणून खर्च होतो तो टायरांवर, आणि ब्रेक राहतात कंपनीने दिलेले. आमच्या मते हा क्रम सर्वस्वी उलटा आहे. अधिक चिकट टायर घातला की वळणातून गाडी अधिक वेगाने बाहेर पडते, सरळ रस्त्याच्या अखेरीस तिचा वेग आणखी वाढलेला असतो, आणि त्या टायरला जमीन घट्ट धरता येत असल्यामुळे चालक ब्रेकही अधिक जोराने दाबतो. म्हणजे टायर सुधारल्याने ब्रेकवरचा भार हलका न होता वाढतो. जुन्या ब्रेकांवर नवे टायर घालणे म्हणजे जुन्या पायावर मजला चढविणे होय.

हा भार किती, याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाने करता येतो. १२०० किलो वजनाची गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने येत आहे आणि पुढच्या वळणासाठी तिला ६० वर आणावयाचे आहे असे समजा. या एका दाबण्यात सुमारे १० लक्ष ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. एवढ्या उष्णतेने ३ लिटर पाणी उकळीला येईल. आणि हे सारे घडते चार सेकंदांच्या आत, पुढच्या दोन बिडाच्या चकत्यांवर बव्हंशी. आता आपला कसारा घाट घ्या. ज्या डोंगरात रेल्वेलाही ३७ ला १ असा चढ पत्करावा लागला, तो घाट उतरताना मोटार सुमारे ३०० मीटर खाली येते. तिची ऊर्जा भरते सुमारे ३५ लक्ष ज्यूल. पण ती दहा-बारा मिनिटांत विखुरलेली असते, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन व वारा खाऊन टाकतात. (गाडी न्यूट्रल करून घाट उतरणारे आणि त्यात पेट्रोल वाचते असे सांगणारे गृहस्थ या सभागृहातही असतील. त्यांनी हा हिशेब घरी जाऊन पुन्हा करावा.) ट्रॅकवरील एका फेरीतच ब्रेकवर सबंध घाटाएवढी उष्णता पडते. फेरी संपते दोन-तीन मिनिटांत. आणि चालक थांबतो ते पाच-सहा फेऱ्या झाल्यावर.

म्हणून आमचा पहिला आग्रह डबीतल्या त्या तेलाचा. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ओलावा शिरला की त्याचा उत्कलनबिंदू झपाट्याने घसरतो. डबीवर 'डॉट ३', 'डॉट ४', 'डॉट ५.१' असे लिहिलेले असते. त्यांपैकी डॉट ३ चा कोरडेपणीचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०, आणि डॉट ५.१ चा २६०. पण ओलावा मुरल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ व १८० एवढे खाली येतात. आपल्या घराण्यांना २३० हा आकडा नवखा वाटू नये. कथील वितळते २३२ अंशांवर. कल्हईच्या भट्टीपुढे ज्यांचे बालपण गेले त्यांनी कथलाचे ते चकाकणारे थेंब पाहिले आहेत. त्याच उष्णतेच्या काठावर डॉट ४ उकळू लागते. तेल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दबते. मग पाय सरळ तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. दोन पावसाळे पाहिलेले तेल घेऊन ट्रॅकवर जाणे म्हणजे या प्रसंगाला आमंत्रण होय. जाण्यापूर्वी आठ-पंधरा दिवसांत मिस्त्रीकडून नवे, बंद डबीतले डॉट ४ किंवा डॉट ५.१ भरून घ्यावे आणि नळ्यांतली हवा काढून घ्यावी. साऱ्या खर्चात हा सर्वांत लहान, आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा. मात्र 'डॉट ५' या नावाचे एक सिलिकॉनचे तेल निराळे असते; ५.१ शी त्याचे नावापुरतेच नाते आहे, आणि त्याची सरमिसळ कदापि करू नये.

आता पॅड. येथे आम्ही पुन्हा कल्हईचाच दाखला देणार आहोत, कारण याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही. थंड भांड्यावर कल्हई बसत नाही; नवसागर टाका, कथील घासा, ते गोळा होऊन निसटते. भांडे प्रमाणाबाहेर तापले तर कथील जळून काळे पडते. मधला एक पट्टा असतो, त्यातच हात चालवावा लागतो. प्रत्येक ब्रेक पॅडला असाच आपला पट्टा असतो. रोजच्या गाडीचे साधे पॅड थंडीतल्या सकाळी पहिल्या दाबाला धरतात, आवाज करीत नाहीत, चकती खात नाहीत. पण सुमारे ३००-४०० अंशांपुढे त्यांतील बंधक राळ जळू लागते, वायू सुटतो, आणि पॅड चकतीवरून घसरू लागतो. उलट निव्वळ शर्यतीचे पॅड ६०० अंशांवरही धरतात, पण थंड असताना त्यांची पकड दुबळी असते. ज्याने असले पॅड घालून जानेवारीतील पहाटे घरातून गाडी काढली, त्याला पहिल्या चौकात लाल दिव्यापाशी त्यांचा गुण कळतो. आणि त्या चौकात रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलास, पॅड अजून तापले नाहीत, हे कोण सांगणार?

तेव्हा वर्षातून दोन दिवसांसाठी उरलेल्या ३६३ दिवसांचे पॅड बिघडवू नयेत. निवड करावी ती मधल्या वर्गाची: ज्यांना दुकानदार जलद रस्त्यावरचे किंवा 'स्पोर्ट' पॅड म्हणतात, बहुधा धातुमिश्रित, जे थंडपणीही धरतात आणि साध्या पॅडांपेक्षा शे-दोनशे अंश अधिक सोसतात. ते थोडे कुरकुरतात आणि चाके काळी करतात, एवढे सोसावे. ज्याचा हात चांगला बसला आहे, जो मिस्त्रीकाम स्वतः करतो, त्याने शर्यतीचे पॅड जवळ बाळगावे, ट्रॅकवर पोचल्यावर घालावे, आणि निघण्यापूर्वी काढावे. पुढच्या दोन चाकांचे हे काम तासाभराचे आहे. पण ते काढल्यावाचून परतीच्या रस्त्याला लागणे आम्हांस मान्य नाही.

पुष्कळ पॅडांच्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात; ती वाचावयास शिकले पाहिजे. पहिले अक्षर साधारण तापमानातील घर्षणाचे, दुसरे तापल्यावरचे. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. 'एफई' असा पॅड तापल्यावर ढिला पडतो. 'एफएफ' तसा पडत नाही. ही परीक्षा प्रयोगशाळेत पॅडच्या लहानशा तुकड्यावर होते, आणि ट्रॅकवरची उष्णता तिच्या पलीकडची असते, हे ध्यानात ठेवावे. तथापि ज्याच्यावर 'एफई' छापले आहे तो पॅड घेऊन ट्रॅकवर जाण्यात शहाणपण नाही, एवढे तरी ती अक्षरे निश्चित सांगतात.

येथे एक विषयांतर क्षम्य व्हावे. पॅडांच्या मिश्रणात तांब्याचे व पितळेचे तंतू घालण्याची चाल पुष्कळ वर्षे होती, कारण उष्णता झटपट पसरविण्यात तांब्याचा हात कोण धरणार! आपल्या पूर्वजांनी ज्या गुणासाठी त्याचे हंडे-बंब घडविले, त्याच गुणासाठी मोटारवाल्यांनी ते ब्रेकमध्ये घातले. पण ब्रेकची झीज धूळ होऊन पावसाबरोबर ओढ्यांत जाते आणि तांबे माशांना बाधते, असे दिसून आल्यावर अमेरिकेतील वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये त्याविरुद्ध कायदे केले. कॅलिफोर्नियात २०२१ पासून ५ टक्क्यांची, आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याची मर्यादा आली. नव्या पॅडांच्या वेष्टनावर 'तांबेरहित' अशी जाहिरात दिसते ती यामुळे. भांडी बाजारात ते वाचून कोणास वाईट वाटले तर आम्ही समजू शकतो.

नवे पॅड घातल्यावर ते बसवून घ्यावे लागतात: मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, ब्रेक क्रमाने अधिकाधिक जोराने दाबावा आणि मग काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून सारे थंड होऊ द्यावे. न बसविलेले पॅड ट्रॅकवर नेणे म्हणजे न पाझरविलेला माठ पाहुण्यांपुढे ठेवणे. पॅड निम्म्याहून अधिक झिजले असतील तरीही नेऊ नयेत, कारण पातळ पॅडमधून उष्णता थेट तेलाकडे जाते. आणि ब्रेक ढिला पडू लागला तर कारण पायालाच कळते. पाय कडक लागतो पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड जळले. पाय मऊ होऊन खाली जातो, तेव्हा तेल उकळले. दोन्ही वेळी शेवटची फेरी ब्रेक न दाबता सावकाश पुरी करावी आणि बाहेर यावे. बाहेर आल्यावर हातब्रेक ओढू नये, तापलेला भाग जागच्या जागी चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगड लावावा. ट्रकवाल्यांची ही जुनी रीत येथे उपयोगी पडते.

एवढे झाल्यावर टायर. टायरांच्या बाबतीत नाशिककरास परकेपणा वाटण्याचे कारण नाही. सिएटचा कारखाना आपल्याच शहरात आहे, आणि टायरच्या कडेवरील अक्षरे घरोघरी वाचता यावयास हवीत. मापाच्या शेवटी वेगाचे अक्षर असते: 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, 'एच' म्हणजे २१०, 'व्ही' म्हणजे २४०. बुद्ध सर्किटवरील लांब सरळ रस्ता एक किलोमीटरहून अधिक आहे. तेथे आपली साधी सेदानही १७०च्या पुढे जाऊ शकते, म्हणून 'एच' च्या खाली उतरू नये. त्याच्या आधीचा आकडा भाराचा. गाडीबरोबर आलेल्या आकड्याहून तो कमी नसावा. मग चार आकडी शिक्का पाहावा. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर वरून कितीही नवा दिसला तरी त्याचे रबर कडक झालेले असते. जिने जुन्या गाडीचे टायर फारसे झिजलेच नाहीत म्हणून अभिमान बाळगला, तिची गाडी आम्ही ट्रॅकवर सोडणार नाही.

झिजेचा एक आकडाही काही टायरांवर असतो. तो अमेरिकन सरकारच्या पद्धतीचा. १०० हा मूळ मानलेल्या टायरचा, ४०० चा टायर त्याच्या चौपट टिकेल अशी अपेक्षा. हा आकडा कारखानदार स्वतःच ठरवितो, म्हणून दोन कारखान्यांच्या आकड्यांची तुलना बेताने करावी. तरी ढोबळमानाने ४००-५०० चा टायर रोजच्या रस्त्याचा, ३०० च्या आसपासचा चपळ गाड्यांचा, २०० वा त्याखालचा हौशी शर्यतपटूंचा. वर्षातून दोन दिवस जाणाऱ्याने ३०० च्या आसपास थांबावे असे आमचे मत आहे. २०० चा टायर ट्रॅकवर खुलतो खरा. पण त्याच्या खाचा उथळ व थोड्या असतात, आणि आषाढात इगतपुरीचा पाऊस अंगावर घेत घाट उतरताना पाणी बाजूला सारण्याचे काम त्या खाचांचेच असते. पाणी सरले नाही की टायर पाण्यावर तरंगतो. मग चिकट रबर, उत्तम पॅड, नवे तेल, यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही, कारण जमिनीला काही लागलेलेच नसते. कायद्याने खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. पावसाळ्यात आम्ही ३ च्या खाली चालू देत नाही.

पहिल्या खेपेस मात्र नवे टायर घेऊच नयेत, असे आम्ही स्पष्ट सांगतो. गाडीवरचे चांगल्या स्थितीतले साधे टायर पुरे आहेत. निम्मे झिजलेला साधा टायर कोरड्या ट्रॅकवर कोऱ्या टायरपेक्षा पुष्कळदा बरा वागतो, कारण त्याच्या नक्षीचे उंच गठ्ठे वाकत व तापत नाहीत. शिवाय साधा टायर हद्द ओलांडण्यापूर्वी किंचाळून सांगतो; चिकट टायर गप्प असतो आणि मग एकाएकी सुटतो. शिकणाऱ्यास बोलणारा गुरू बरा.

हवेविषयी थोडे. टायर तापला की हवा वाढते. दर ५-६ अंशांमागे सुमारे १ पौंड. सकाळी ३३ पौंड भरलेला टायर चार फेऱ्यांनंतर सहज ४० दाखवितो, मधोमध फुगतो, आणि त्याची पकड घटते. म्हणून गाडी बाहेर आल्याबरोबर मोजून हवा थोडी कमी करावी. फार कमी झाली की नाही हे पाहण्यास टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढावी. रेघ कडेपर्यंत पुसली गेली तर टायर कुशीवर लोळतो आहे, हवा वाढवावी. आणि परतीला लागण्यापूर्वी, टायर निवाल्यावर, कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतकी हवा पुन्हा भरावी. दमलेल्या चालकाच्या हातून हेच विसरते, आणि कमी हवेचा टायर महामार्गावर तासन् तास धावून आतून भाजून निघतो.

विम्याविषयी एकच वाक्य: संघटित शर्यत व वेगाची चाचणी या गोष्टी मोटारीच्या साध्या विम्यातून वगळलेल्या असतात, म्हणून ट्रॅकवर गाडी मोडली तर ती आपल्या खिशातून मोडली, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे. आणि समृद्धी महामार्गाविषयी दुसरे. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून काही तरुण त्याला घराजवळचा ट्रॅक समजू लागले आहेत. त्याची कमाल मर्यादा मोटारींना ताशी १२० आहे, तेथे ट्रक आहेत, झोपाळलेले चालक आहेत, आणि सेवेस धावून येणारी रुग्णवाहिका वळणापाशी उभी नाही.

ट्रॅकवरून परतल्यावर, घरातील कोणासही गाडीत बसविण्यापूर्वी, चारी चाके उतरवून घ्यावी. पॅडची जाडी मोजावी, चकतीवर तडे वा निळे डाग आहेत का पाहावे, मागे ड्रम असतील तर तेही उघडून शूच्या लायनरवर काचेसारखी चकाकी आली आहे का पाहावे, टायरच्या आतल्या कुशीवरून हात फिरवावा, आणि तेलाचा रंग काळपट झाला असल्यास ते पुन्हा बदलावे. सभागृहामागील अंगणात एका मोटारीचे पुढचे चाक याचसाठी उतरवून ठेविले आहे. शेजारी दोन पॅड मांडले आहेत. एक नवा आणि एक ट्रॅकवर जळून पांढुरका पडलेला. भोजनाची पंगत बसेपर्यंत आम्ही तेथे आहोत. भगिनींनीही यावे, जाडी मोजण्याचे काम पट्टीने होते आणि त्यास दोन मिनिटे लागतात.